शाईतलं नाव, पेन्सिलीतला पत्ता

बातमी मला इस्त्रीवाल्याने दिली. जुईनगरला आमच्या जुन्या इमारतीच्या कोपऱ्यावर कित्येक वर्षं त्याची टपरी आहे. इमारत पाडायला घेतली, भोवती पत्रे लागले, माणसं चहूकडे पांगली, पण टपरी जागची हलली नाही, आणि पांगलेल्या सगळ्यांचे फोन नंबर त्याच्याकडे आहेत. कुणाचा एखादा शर्ट राहिला तर कळवता यावं म्हणून. दुपारी अडीचच्या सुमारास त्याचा फोन आला. "मॅडम, कोई तांडेल आहे का तुमच्या ओळखीत? त्यांची मिसेस आली आहे, बिल्डिंग शोधत होती. हातात कार्ड आहे... तांडेलसाहेब ऑफ झाले." मी एकटीचं ताट घासत होते. नळ चालू होता तो चालूच राहिला. "फोन द्या त्यांना," असं मी म्हणायला हवं होतं. मी म्हटलं, "कार्डाचा फोटो काढून पाठवा." तो बिचारा बरं म्हणाला. फोटो आला. उत्तरकार्य तीन दिवसांनी, करावे गावात, राहत्या घरी. उलव्यात माझ्या बाल्कनीत उभं राहिलं की खाडीपलीकडे झाडांची एक काळपट रेघ दिसते, तिच्या मागे ते घर आहे. मध्ये दोन-तीन स्टेशनं. सहा वर्षांत मी तेवढं अंतर गेले नव्हते, आणि उत्तरकार्यालाही गेले नाही. आजारी आहे असं स्वतःलाच सांगितलं आणि दिवसभर झोपून राहिले.

तांडेल आणि मी एकोणीस वर्षं महाप्याच्या एका इमारतीत शेजारच्या खुर्च्यांवर बसलो. त्या इमारतीत माणसं कमी आणि कॉम्प्युटर जास्त. वेगवेगळ्या कंपन्या आपली यंत्रं आमच्याकडे ठेवायच्या, आम्ही त्यांना गार हवेत जपायचो आणि बाहेरून त्यांच्यासाठी जे काही येईल ते बरोबर त्याच यंत्रापर्यंत पोचतंय ना हे बघायचो. टपालखातंच म्हणा, फक्त पोस्टमन दिसत नाही. मी रुजू झाले तेव्हा तो वर्षभर आधीपासून तिथे होता. सगळे स्वेटर घालून कुडकुडत बसलेले, आणि हा हाफ बाह्यांच्या शर्टात, खिशाला पेन आणि पेन्सिल दोन्ही अडकवलेली. मान वर न करता त्याने विचारलं, "कोन तुमी?" मी बावरून म्हटलं, "जुईनगरची. सेक्टर तेवीस." तो मोठ्याने हसला. "ते ठिकान झालं. मी कोन ते इचारलं." मला मेल्यासारखं झालं. पुढे वर्षानुवर्षं हा किस्सा त्याने येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगितला, आणि दर वेळी मी तितकीच चिडले.

पण चूक माझी नव्हती, आम्ही वाढलोच तसे. माझे वडील साताऱ्याकडून आले आणि वाशीच्या मार्केटात पाठीवर गोणी वाहून त्यांनी आम्हाला वसाहतीतल्या दोन खोल्यांत आणलं. तिथे माणसाची ओळख इमारतीच्या अक्षरावरून आणि खोलीच्या आकड्यावरून. मी "बी-नऊची शालन". बी-नऊ सोडली असती तर पुढच्या महिन्यात बी-नऊची दुसरीच कुणी झाली असती आणि माझं काय राहिलं असतं कोण जाणे. त्याच्या करावे गावात सगळं उलट. घरांना नंबर नावापुरते, कुरिअरवाला तासभर गल्ल्या तुडवायचा, पण खापरपणजोबाचं नाव घेतलं की कुणीही थेट ओट्यापर्यंत आणून सोडायचं. घर पाडून तीन मजली बांधलं, वरचे मजले भाड्याने दिले, तरी नाव तेच. त्याचा बाप खाडीत मासेमारी करायचा. बाप म्हणायचा म्हणे, होडीला नाव बापानं द्यायचं आणि जागा भरतीनं. आमच्या वसाहतींना सरकारी कागदावर "नोड" म्हणतात आणि आमच्या धंद्यात यंत्रांच्या जोडणीलाही नोडच म्हणतात, याचं तांडेलला भारी कौतुक. "कदम, तू जन्मानंच नेटवर्कवाली हाय," असं म्हणायचा. ऑफिसात राहून त्याची बोली निम्मी घासली गेली होती, उरलेली निम्मी तो माझ्यावर तोंडसुख घेताना वापरायचा.

त्याच्या डोक्यात एकच किडा होता, आणि तो मला समजून घ्यायला दोन वर्षं लागली. इंटरनेटवर प्रत्येक यंत्राला आकड्यांचा एक पत्ता असतो. घोळ असा, की तो आकडा दोन कामं करतो. यंत्र कुठे आहे हेही तोच सांगतो आणि यंत्र कोण आहे हेही तोच. यंत्र उचलून महाप्याहून ऐरोलीला नेलं की आकडा बदलतो, आणि आकडा बदलला की जगाच्या लेखी ते यंत्र निराळंच कुणीतरी होतं. चालू असलेलं बोलणं मध्येच तुटतं. पूर्वीच्या भिंतीवरच्या फोनसारखं, घर बदललं की नंबर गेला. मोबाइलचं तसं नसतं. नंबर तुमच्याबरोबर हिंडतो, कारण तुम्ही आत्ता कुठे आहात याची नोंद कंपनी वेगळी ठेवते. तांडेलचं म्हणणं, इंटरनेटनेही असंच करायला हवं. नाव वेगळं, ठिकाण वेगळं, आणि दोघांची गाठ घालून देणारी एक नोंदवही. "पोरगी लग्न होऊन उरनला गेली," तो विचारायचा, "तर आईनं फोनवर काय बोलायचं? कोन गं बाई तू? कुठून तरी आमच्या पोरीसारखा आवाज येतोय?" हा विचार त्याच्या एकट्याचा नव्हता, जगभरात मोठमोठ्या लोकांनी त्यावर डोकं खपवलेलं आहे. पण आमच्या इमारतीत तो त्याने एकट्याने आणला, वरच्यांशी भांडून, तीन वर्षं खपून.

मला तो नीट कळला तो जासईला. त्याचा मावसभाऊ तिथल्या कंटेनर यार्डात कामाला होता. एका शनिवारी दुपारी तांडेल मला स्कूटरवर मागे बसवून तिकडे घेऊन गेला, धुळीने माझ्या साडीचा रंग बदलला. डोक्यापेक्षा उंच डब्यांच्या भिंती, आणि प्रत्येक डब्यावर रंगवलेला एक नंबर. "हे बघ, हे त्याचं नाव. जलमल्यापासून मोडीत जाईपर्यंत हेच. दुबईत तेच, जासईत तेच." आणि डबा यार्डात कुठे आहे, कितव्या रांगेत, कितव्या थरावर, हे डब्यावर कुठेच नाही. ते ऑफिसातल्या कारकुनापाशी. डबा हलवला की हलवणाऱ्याने कारकुनाला सांगायचं, कारकुनाने जुनं खोडून नवं लिहायचं. त्या दिवशी एक ट्रेलरवाला सकाळपासून स्वतःचा डबा शोधत होता. कारकून सांगतो त्या जागी डबाच नाही. नुसता आरडाओरडा. शेवटी सापडला तो ट्रेलरवाला ज्या झाडाखाली बसून होता त्याच्या समोर. काखेत कळसा! क्रेनवाल्याने सकाळी हलवला आणि सांगायचं विसरला. परत येताना सगळी वाट मी हसत होते. तांडेल हसत नव्हता. म्हणाला, "डबा हरवलाच नव्हता, कदम. कुनी कळवला नाय, एवढंच."

मग आमच्याकडे ती व्यवस्था सुरू झाली. पाकिटात पाकीट. आतल्या पाकिटावर यंत्राचं नाव, बाहेरच्यावर आत्ताचं ठिकाण. बाहेरचं पाकीट दारात फाडायचं, आतलं शाबूत पुढे जायचं. ठिकाण नोंदवहीतून मिळायचं, आणि नोंदवहीचे त्याने दोन नियम केले. पहिला, ज्याचं ठिकाण त्यानेच कळवायचं. यंत्र नव्या जागी चालू झालं की ते स्वतःच, आपली खूण पटवून, सांगेल की मी इथे आहे. दुसऱ्या कुणाच्या सांगण्यावरून नोंद बदलायची नाही, मग तो कितीही ओळखीचा असो, नाहीतर उद्या कुणीही उठेल आणि कुणाचंही टपाल आपल्या घरी वळवेल. दुसरा, मधूनमधून पुन्हा कळवत राहायचं, जागा तीच आहे म्हणून. नुसतं एकदा सांगून जन्मभर गप्प बसायचं नाही.

कौतुकाची गोष्ट म्हणजे हे नियम त्याने यंत्रांसाठी केले नव्हते. ते त्याच्या घरात आधीपासून होते. त्याच्याकडे एक लांबट, जाड पुठ्ठ्याची वही होती, ओळखीच्या माणसांची. डाव्या पानावर नाव, शाईने. उजव्या पानावर पत्ता आणि फोन, पेन्सिलीने. माणूस जागा बदलतो, माणूस बदलत नाही, असा त्याचा हिशेब. पेन्सिल वहीला बापाच्या जाळ्याच्या दोऱ्याने बांधलेली. दर नारळी पौर्णिमेला जेट्टीवर नारळ सोडून झाला की तो ओट्यावर ही वही घेऊन बसायचा आणि शाळेतल्या सोबत्यांपासून रिटायर झालेल्या साहेबांपर्यंत सगळ्यांना फोन लावायचा. तब्येत कशी, पोरं काय करतात, काही नाही. "जागा तीच ना?" एवढंच विचारायचा. एकोणीस वर्षं मलाही विचारलं. शेजारच्या खुर्चीवर बसणाऱ्या बाईला सुट्टीच्या दिवशी घरी फोन करून "जागा तीच ना?" मी म्हणायची, "नाही, काल रात्री चंद्रावर गेले." तो म्हणायचा, "सेक्टर बोल." आणि जो मेला त्याचा पत्ता तो खोडायचा नाही. बाप जाऊन कितीतरी वर्षं झाली तरी वहीत बापाच्या नावासमोर "करावे, जेट्टीजवळ" तसंच होतं. प्रमिला वहिनी, त्याची बायको, वैतागून म्हणायची, गेलेल्या मानसाचा पत्ता कशाला ठेवता? त्यावर याचं उत्तर ठरलेलं, "त्यानं बदलल्याचं कळवलं नाय अजून."

आता जे लिहायचं ते लिहायला मला सहा वर्षं लागली आहेत. औषध दुकानांच्या एका साखळीची यंत्रं आमच्याकडून ऐरोलीच्या दुसऱ्या इमारतीत हलवायची होती. यंत्रांची ने-आण करणारा माणूस माझ्या चांगल्या ओळखीचा, जुईनगरचाच. दुपारी त्याचा फोन आला, "मॅडम, गाडी पोचतेच आहे, अर्ध्या तासात लावून चालू करतो, तुम्ही एंट्री मारून टाका ना." त्या दिवशी मला आईला डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचं होतं. तिला मोतीबिंदू, एकटी रिक्षात चढता येत नव्हतं. यंत्र चालू होऊन स्वतः कळवेपर्यंत थांबायला हवं होतं. पण हाताने नोंद बदलायची एक चोरवाट व्यवस्थेत असते, अडीअडचणीसाठी. मी ती वापरली, ऐरोलीचं ठिकाण घातलं आणि निघाले. गाडी पोचली नाही. वाटेत बंद पडली, मग टेम्पोवाल्याशी भांडण, मग मालकाचा फोन लागेना... यंत्रं लागली दुसऱ्या दिवशी दुपारी. तोवर सगळ्या दुकानांची मागणी ऐरोलीत यंत्रं ठेवायच्या एका रिकाम्या कपाटाकडे जात राहिली. यंत्रं हरवली नव्हती, टेम्पोत होती. पण नोंदवही सांगत होती की ती पोचली.

चौकशी झाली. अहवाल लिहायचं काम तांडेलकडे आलं. मला खात्री होती की तो सांभाळून घेईल. "ड्युटीवरील कर्मचाऱ्याकडून" असं लिहितात ना सगळे, तसं लिहील. त्याने लिहिलं, "नोंद शालन रामचंद्र कदम यांनी, यंत्राने कळवण्यापूर्वी, त्रयस्थाच्या सांगण्यावरून बदलली." वडिलांच्या नावासकट. मी कागद घेऊन त्याच्यासमोर उभी राहिले. म्हटलं, "तांडेल, एवढी वर्षं... एक नाव गाळता आलं नाही तुला?" तो मान खाली घालून पेन्सिलीशी चाळा करत होता. "नाव गाळून कसं चालंल, कदम," म्हणाला. "बाकी समदं गाळतो." मी विचारलं, माझ्या आईचं डोळ्यांचं तुला माहीत नव्हतं? तो म्हणाला, "माहीत होतं. मला सांगायचं, मी बसलो असतो." ते खरं होतं, आणि म्हणूनच मला जास्त लागलं. मला काढलं नाही, पण दुसऱ्या कामावर घातलं, जिथे नुसत्या फायली होत्या. तीन महिन्यांत मी राजीनामा दिला. फोन कंपनीचा होता, तो टेबलावर ठेवला. नवा नंबर घेतला, त्याला दिला नाही. वर्षभरात आई गेली, इमारत रिकामी करायची नोटीस आली, मी उलव्याला ही जागा घेतली. त्याला कळवलं नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, तसला पीळ. तो चुकला नव्हता हे मला पहिल्या दिवसापासून कळत होतं. कळत असूनही राग धरून ठेवता येतो, आणि बरोबर असलेल्या माणसावरचा राग तर फार दिवस टिकतो.

उलव्यात सगळ्या इमारती सारख्या आणि सगळे लोक कुठून ना कुठून आलेले. माझ्या मजल्यावर चार दारं आहेत, त्यांतल्या दोघांची नावं मला माहीत नाहीत. माझा पत्ता बँकेला ठाऊक आहे, गॅसवाल्याला ठाऊक आहे, रोज काहीतरी विकायला फोन करणाऱ्यांना ठाऊक आहे. ते सगळे एका फ्लॅट नंबरशी बोलतात. मी उद्या इथून गेले आणि दुसरी कुणी राहायला आली तर ते तिच्याशीही तसंच बोलतील. नारळी पौर्णिमेला मात्र मी सकाळपासून फोन जवळ घेऊन बसायची. नवा नंबर त्याच्याकडे नाही हे माहीत असून. तरी वाटायचं, कुणाकडून तरी मिळवेल, इतका चिवट माणूस आहे. त्याचा नंबर मला पाठ होता. एकदा दोनदा नव्हे, दहादा तरी लावायला घेतला. काय बोलणार? "कदम बोलतेय." मग तो विचारणार, "जागा तीच ना?" मग मला सांगावं लागलं असतं की नाही, जागा बदलली, इतकी वर्षं झाली, आणि मी तुला सांगितलं नाही. ते एक वाक्य माझ्या तोंडून निघेना. वाटायचं, पुढच्या वर्षी.

उत्तरकार्यानंतर आठवड्याने मी करावेला गेले. घर तेच, ओटा तोच. वहिनी कोळंबी सोलत बसली होती, हात धुऊन उठली. मला वाटलं रागावेल. "कदमबाई ना? या, बसा." चहा दिला. जेवून उठताना छातीत कळ आली आणि अर्ध्या तासात संपलं, असं तिने सांगितलं, दहाजणांना सांगून गुळगुळीत झालेल्या शब्दांत. मग म्हणाली, "मी जुईनगरला गेलते, तर पत्रे लावलेले. तो इस्त्रीवाला भेटला म्हनून. वहीत तोच पत्ता होता ना."

मी म्हटलं, "हो. मी कळवलं नव्हतं."

"उलव्याला ऱ्हाता ना तुमी?"

मी विचारलं, "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"ह्यांना म्हाईत होतं. चार वर्सं झाली असतील. ऑफिसातला कोन आलेला लग्नाची पत्रिका घेऊन, त्यानं सेक्टर, बिल्डिंग, फोन, समदं सांगितलं. मी बोलले, लिवून घ्या वहीत. पेन्सिल पन हातात दिली. तर हे बोलले, नको, तिचं ती सांगंल. मला नुस्तं उलवा आठवत होतं हो, बिल्डिंग कशी आठवनार? वहीत असतं तर थेट आले असते." मग खाडीच्या दिशेने हात करून म्हणाली, "संध्याकाळी जेट्टीवर जाऊन बसायचे. समोर त्या बिल्डिंगी. बोलायचे, कदम तिथं कुठं तरी हाय."

मला रडू यायला हवं होतं, आला तो संताप. नियम म्हणे! यंत्रांचा नियम माणसांना लावणारा हा शहाणा. चार वर्षं पत्ता माहीत आहे, फोन माहीत आहे, स्टेशनं दोन-तीन, आणि हा जेट्टीवर बसून समोरच्या इमारतींकडे बघतो... आणि मी बाल्कनीत उभी राहून त्याच्या झाडांकडे. दोघं एकाच पाण्याच्या दोन काठांवर, एकमेकांकडे तोंड करून. वहिनीसमोर मी हे मोठ्याने बोलून गेले. ती म्हणाली, "मी पन हेच बोलले त्यांना. तर हे बोलले, एकदा तिनं दुसऱ्याच्या सांगन्यावरून लिवलं तर मी तिचं नाव कागदावर घातलं. आता मीच दुसऱ्याच्या सांगन्यावरून लिवू? कुठल्या तोंडानं?"

इतकी वर्षं मला वाटत होतं की अहवाल लिहून तो मोकळा झाला आणि भोगलं ते मी. त्याने तो अहवाल स्वतःवरही लागू केला होता, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

वहिनीने आतून वही आणली. पुठ्ठा कोपऱ्यांत झिजलेला, दोऱ्याला बांधलेली पेन्सिल आता बोटभरच उरलेली. तिने पान उघडून माझ्यासमोर धरलं. डावीकडे शाईने "शालन रामचंद्र कदम". तेच नाव, तसंच वळणदार, जे त्याने त्या अहवालात लिहिलं होतं. उजवीकडे पेन्सिलीने जुईनगर, सेक्टर तेवीस, इमारत, खोली. खोडलेलं नव्हतं. आणि त्याखाली, बारीक अक्षरात, एकच शब्द. "कळवेल."

पेन्सिलीचं लिहिलेलं वर्षाच्या वर्षाला फिकट होतं. वर जुईनगर अगदी पुसट झालं होतं, पण खालचा हा शब्द काळाभोर होता. मी बोट फिरवलं तर कागदात खोल गेलेला लागला. वहिनी म्हणाली, "दर नारळी पुनवेला गिरवायचे. समद्यांना फोन झाले की शेवटी हे." मी पान उलटून पाहिलं. मागच्या बाजूला तो शब्द उलटा उठून आला होता.

मग मी रडले. कुणाच्या घरी जाऊन असं रडायची मला सवय नाही. वहिनी कोळंबीचं ताट घेऊन आत गेली आणि बराच वेळ आतच राहिली.

बाहेर आली तेव्हा तिच्या हातात खोडरबर होता. मी जुईनगरचा पत्ता माझ्या हाताने पुसला, आणि त्या जागी लिहिलं, उलवे, सेक्टर, इमारत, फ्लॅट, फोन. माझं अक्षर त्याच्यापुढे अगदी गचाळ. "कळवेल"ला मी हात लावला नाही. लावून तरी काय, तो पुसला गेला नसता. पत्ता लिहून झाल्यावरही मी पेन्सिल हातात धरून बसले होते, जणू आता कुणीतरी विचारेल आणि मला सांगावं लागेल, सेक्टर बोल.

वहिनीने वही आपल्याकडे ओढली आणि पहिलं पान काढलं. पहिलं नाव त्याचं स्वतःचं, शाईने. समोर पेन्सिलीने "करावे, राहतं घर". त्या पानावर बोट ठेवून ती म्हणाली, "कदमबाई, तुमाला ह्यांचं ऑफिसचं समदं म्हाईत हाय. आता हे खोडायचं असतं का? माझा हात होत नाय." आणि खोडरबर तिने माझ्याकडे सरकवला.

एकोणीस वर्षांत मी त्याचा नियम एकदा मोडला होता. मी खोडरबर तिच्या मुठीत परत दिला. म्हटलं, "वहिनी, ज्याचं ठिकाण त्यानेच कळवायचं असतं. दुसऱ्या कुणाच्या सांगण्यावरून बदलायचं नाही. त्याने अजून काही कळवलेलं नाही."

मग तिने वही मिटली, पेन्सिलीचा दोरा वहीभोवती दोनदा गुंडाळला, आणि फोनशेजारच्या फळीवर, तो ठेवायचा तिथे, ठेवून दिली.